सायकलने ऑफिसला

सायकलने ऑफिसला जाते म्हटलं की लोक आधी गिअर किती ते विचारतात. मी आधी सीटची उंची बघते. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात हलकासा बाक राहतो. सीट खाली राहिली की गुडघे दुखायला लागतात आणि सायकल जिन्याखाली धूळ खात पडते. अशी सायकल दिसली की जीव हळहळतो.

व्यायामाचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. जाताना १५, येताना १५, असे ५ दिवस. झालं की!

सुरक्षिततेबाबत मात्र मी हट्टी आहे. हेल्मेट हवंच, अंधारात पुढे पांढरा दिवा, मागे लाल. पण सगळ्यात जपायचं ते कडेला उभ्या गाड्यांच्या दारांपासून. आत कुणी बसलेलं दिसलं की माझी बोटं ब्रेकवर जातात. मागून कितीही हॉर्न वाजोत, मी त्या गाड्यांपासून चांगलं मीटरभर लांबूनच जाते.

आणि सॅक पाठीवर नको, कॅरिअरला बांधा. पाठ घामाने भिजत नाही.