धूम्रपान सोडताना लाभलेली साथ
आज जेवणानंतर सिगारेटची तलफ इतकी जोरात आली की हात आपसूक खिशाकडे गेला. पण अशी तलफ बहुधा काही मिनिटांतच ओसरते हे ठाऊक असल्याने मी मित्राला फोन लावला आणि त्याने हातातले काम बाजूला ठेवून, उपदेशाचा एकही शब्द न उच्चारता, तेवढा वेळ माझ्याशी गप्पा मारल्या. शेवटची सिगारेट विझवल्यावर २० मिनिटांत हृदयाचे वाढलेले ठोके कमी होऊ लागतात आणि वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका जवळपास निम्म्यावर येतो, हे डॉक्टरांनी समजावले होते. तरीही निकोटिन सुटताना होणारी माझी चिडचिड घरच्यांनी ज्या समजुतीने सोसली, तिचे मोल मला अधिक वाटते. माझ्यासमोर सिगारेट न पेटवणाऱ्या मित्रांचाही मी मनापासून ऋणी आहे.