नेमसर्व्हर अर्ध्या तासात, ग्लू रेकॉर्ड नऊ दिवसांत

माझ्या डोमेनसाठी दुसरा नेमसर्व्हर, म्हणजे नावाचा आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर, उभा करायला अर्धा तास पुरला. बाइंड हे नेमसर्व्हरचं सॉफ्टवेअर बसवलं, झोन (डोमेनच्या नोंदींचा संच) सेकंडरी म्हणून, म्हणजे मुख्य सर्व्हरची प्रत म्हणून लिहिला, मुख्य सर्व्हरवर नव्याच्या आयपीला ट्रान्सफरची, म्हणजे ती प्रत उतरवून घेण्याची, परवानगी दिली. पुढचे नऊ दिवस गेले ते डोमेन जिथे नोंदवलंय त्या रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये.

डोमेन डॉट कॉमचं, आणि नव्या सर्व्हरचं एनएस२ हे नाव त्याच डोमेनखालचं. पॅनेलमध्ये ते टाकलं की उत्तर यायचं, ‘नेमसर्व्हर सापडला नाही’. सर्व्हर तर थेट विचारलं की चोख उत्तर देत होता! पण नाव डोमेनच्याच पोटातलं असेल, तर त्याचा पत्ता वरच्या झोनमध्ये, म्हणजे इथे डॉट कॉममध्ये, ठेवावा लागतो. नाहीतर पत्ता विचारायला त्याच सर्व्हरकडे जायची वेळ येते. हाच ग्लू रेकॉर्ड. आधी होस्टची, म्हणजे नेमसर्व्हरच्या नावाची आणि आयपीची, नोंद, मग ती डोमेनला जोडणं, हा क्रम. नोंदीचं पान ‘चाइल्ड नेमसर्व्हर’ या नावाखाली कुठेतरी कोपऱ्यात. तिथे पूर्ण नाव आणि आयपी भरला, हिरवी खूण आली, तरी ‘सापडला नाही’ कायम.

सपोर्टचं एकच पालुपद: ४८ तास थांबा. हा आकडा येतो डॉट कॉममधल्या एनएस रेकॉर्डच्या (डोमेनचे नेमसर्व्हर सांगणाऱ्या नोंदीच्या) १,७२,८०० सेकंदांच्या टीटीएलवरून, म्हणजे नोंद साठवून ठेवायच्या मुदतीवरून. जुनी नोंद बदलली तर रिझॉल्व्हरांच्या (वापरणाऱ्यांसाठी पत्ते शोधणाऱ्या सर्व्हरांच्या) कॅशमधून ती जायला तेवढा वेळ लागू शकतो. नवी नोंद मात्र डॉट कॉमच्या सर्व्हरांवर काही मिनिटांत दिसते. ती तपासायला डिग या कमांडने त्या सर्व्हरांपैकी एकाला थेट विचारा, रिकर्शन (त्याने पुढे इतरांना विचारणं) बंद ठेवून. उत्तराच्या अथॉरिटी विभागात नावं, ॲडिशनलमध्ये पत्ते यायला हवेत. मी होस्टचं नाव विचारलं तर एनएस२ नव्हताच. पॅनेल डोमेनचं नाव स्वतःच मागे जोडत होतं. माझ्या पूर्ण नावामुळे डोमेन दोनदा लागून भलताच होस्ट नोंदला गेला. चौकटीत नुसतं ‘एनएस२’ लिहायचं होतं. हे त्या चौकटीशेजारी एका ओळीत छापता आलं असतं.

पुढे सर्व्हरचा आयपी बदलला, तर झोनमधला ए रेकॉर्ड (नावाचा आयपी सांगणारी नोंद) बदलून भागत नाही, ग्लूही बदला. वरच्या आणि स्वतःच्या झोनमधल्या एनएस याद्या जुळायला हव्यात.

आणखी एक राहिलंच: फायरवॉलमध्ये नेमसर्व्हरचा ५३ नंबरचा पोर्ट यूडीपीसोबत टीसीपीवरही उघडा. झोन ट्रान्सफर टीसीपीवर होतो. बदलानंतर एसओएमधला (झोनच्या मुख्य नोंदीतला) सीरियल, म्हणजे आवृत्तीचा क्रमांक, वाढवला नाही, तर सेकंडरी जुन्याच नोंदी देत बसतो. ट्रान्सफरला टीसिग (सर्व्हरांची एकमेकांना ओळख पटवणारी) किल्ली लावली असेल, तर दोघांच्या घड्याळांत ३०० सेकंदांहून जास्त फरक पडला की तो नाकारला जातो. एसओएमधला एक्स्पायर, म्हणजे मुख्य सर्व्हर गाठता येत नसताना सेकंडरीने आपली प्रत वापरायची मुदत, १२,०९,६०० सेकंद ठेवा, म्हणजे १४ दिवस. एक दिवस ठेवलात, तर मुख्य सर्व्हर दोन दिवस बंद पडताच सेकंडरीही सर्व्हफेल, म्हणजे ‘उत्तर देता येत नाही’ असा एरर, देईल. दोन्ही यंत्रं एकाच रॅकमध्ये नकोत. १९९७ च्या आरएफसी २१८२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातच वेगळी जागा, वेगळं नेटवर्क असं सांगितलं आहे.

मुख्य सर्व्हर पडला तर दुसरा सांभाळतो का, याची चाचणी घेताना नुसती मुख्य नेमसर्व्हरची प्रोसेस थांबवू नका. तेव्हा यंत्र ‘पोर्ट बंद’ असं लगेच कळवतं आणि रिझॉल्व्हर चटकन दुसरीकडे वळू शकतो. खऱ्या बिघाडात समोर शांतताच असते, म्हणून फायरवॉलमध्ये मुख्य सर्व्हरच्या ५३ पोर्टवरचं सगळं ड्रॉप करून, म्हणजे काहीच न कळवता टाकून, बघा.