पहिली पंधरा मिनिटं

आमच्या गायनॅक वॉर्डमध्ये रक्त कमी असलेल्या बायका रोजच्याच. हिमोग्लोबिन सहा, साडेसहा बघून आता कोणी दचकत नाही. पण त्या दिवशी गोव्यातल्या बार्देशातल्या एका गावातून जी आंटी आली तिचं 4.6 होतं आणि ती कदंबा बसने, म्हणजे सरकारी बसने, मग फाटकापासून चालत आली होती. व्हीलचेअर पुढे केली तर बसेना. आधी पिशवीतून प्लास्टिक काढलं, त्यावर पेपर घातला, कडा नीट मोडल्या आणि मग टेकली. बसमध्ये असंच करते म्हणाली, इगर्जेतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बाकावरसुद्धा. नवरा तार्वटी, म्हणजे जहाजावर काम करणारा, वर्षातले बरेच महिने बोटीवर, घरात म्हातारी सासू आणि दोन मुली, आणि अंगावरून रक्त जायला लागून तीन-चार वर्षं झालेली. एका डॉक्टरने पाळी जायचं वय झालं म्हणून परत पाठवलं, दुसऱ्याने रक्त थांबायच्या गोळ्या दिल्या, तिसऱ्याने टॉनिक. सोनोग्राफी एकानेही सांगितली नाही, याचा मला अजून राग येतो. आणि आमच्या एका मावशीने चादर बदलताना "एवढं होईपर्यंत काय करत होतीस गो?" म्हणून सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारलं, त्याचाही.

रक्त लावणं म्हणजे पिशवी टांगली आणि झालं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. पिशवी ब्लड बँकेतून निघाली की अर्ध्या तासात लावायची आणि चार तासांत संपवायची. दोघी सिस्टरनी पेशंटच्या उशाशी उभं राहून नाव, ग्रुप, पिशवीचा नंबर, तारीख मोठ्याने वाचून ताडून बघायची. सोबत फक्त नॉर्मल सलाईन, साखरेचं सलाईन चुकूनही नाही, पेशी फुटतात. इतकं कमी रक्त असलेल्या बाईला अगदी हळू द्यावं लागतं, नाहीतर हार्टवर ताण येऊन श्वास लागतो. आणि पहिली पंधरा मिनिटं तिथून हलायचं नाही. थंडी वाजते का, खाज सुटते का, कमरेत कळ येते का ते बघत बसायचं, कारण मोठी रिअ‍ॅक्शन बहुतेक तेव्हाच येते. स्टाफ कमी म्हणून हा नियम कुठे कुठे कागदावरच राहतो, मी मात्र तो पाळते आणि त्याचा मला अभिमान आहे.

तर मी बसले होते. आंटीच्या उशाजवळ रोमी लिपीतलं कोंकणी बायबल होतं, कडा काळवंडलेलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं काय वाचता, तर म्हणाली मार्कने लिहिलेल्या येशूच्या गोष्टीचा पाचवा अध्याय, त्यात माझी बाई आहे. बारा वर्षं रक्त जात असलेली. पुष्कळ डॉक्टर केले, होते नव्हते ते पैसे घालवले आणि दुखणं उलट वाढलं, असं मार्कने सरळ लिहिलंय. आणि हीच गोष्ट लूकने लिहिली, ज्याला परंपरेने डॉक्टर मानतात, त्याने ते वाढल्याचं काही लिहिलं नाही, हे आंटीनेच मला दाखवलं. त्या काळच्या नियमाने अशी बाई ज्यावर बसेल ते अशुद्ध, त्याला हात लावेल तो अशुद्ध. मला ते प्लास्टिक आठवलं. मी डिचोली तालुक्यातली, लहानपणी आमच्याकडेही चार दिवस वेगळं बसायचं, वेगळं ताट, वेगळी चटई, त्यामुळे मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

ती बाई गर्दीत मागून येऊन येशूच्या वस्त्राला नुसतं शिवते आणि तिला कळतं की रक्त थांबलं. येशू थांबून विचारतो, मला कोण शिवलं? ती थरथरत पुढे येते आणि सगळं खरं सांगते. आंटी म्हणाली, "सिस्टर, बरी ती आधीच झाली होती. तरी त्याने तिला बोलायला लावलं, आणि ती बोलेपर्यंत तो हलला नाही."

नेमकं तेव्हाच इन्चार्जने हाक मारली, लेबर रूममधून पेशंट शिफ्ट करायची होती. मी म्हटलं रक्त आत्ताच लावलंय, मला येता येणार नाही, आणि माझ्या जोडीची ज्युनियर सिस्टर न बोलता उठून गेली. फार गुणी मुलगी आहे. आणि आंटीने मला सगळं सांगितलं, रात्री किती वेळा उठते, कसले कपडे वापरते, नवऱ्याला फोनवर एक शब्द सांगितला नाही, जे ओपीडीच्या पेपरावर कुठेच नव्हतं. सकाळच्या राउंडला मी पडदा ओढून घेतला आणि ती डॉक्टर मॅडमना स्वतःच बोलली. सोनोग्राफीत गर्भाशयात मोठी गाठ निघाली, तपासायला तुकडा पाठवला, ऑपरेशन रक्त वाढल्यावर.

नंतर एका नाईटला मी तिला आमचं सांगितलं. 2018 च्या मार्चमध्ये गोव्यातल्या खाणी परत बंद झाल्या, खाणीवर चालणारा नवऱ्याचा ट्रक दारात उभा, बँकेचे हप्ते चालू, आणि घर माझ्या पगारावर. कीव न करता तिने बायबलमधली हागारेची गोष्ट सांगितली. अब्राहामाच्या घरातली मिसरी दासी, भाकरी आणि पाण्याची एक पखाल देऊन पोरासकट बाहेर काढलेली. पाणी संपलं तेव्हा मुलाला झुडपाखाली ठेवून ती लांब जाऊन बसली, त्याचं मरण बघवेना म्हणून. मग देवाने तिचे डोळे उघडले आणि तिला विहीर दिसली. आंटीचं म्हणणं, विहीर तिथेच होती, रडून रडून दिसत नव्हती, आणि पखाल शेवटी तिलाच उठून भरावी लागली. त्या दिवसांत मला कोणी "सगळं ठीक होईल" म्हटलं की चीड यायची, ह्याने आली नाही. नाईट करून घरी जाताना मी दुसऱ्या कामांचा विचार करू शकले, ट्रक विकायचं नवऱ्याशी बोलू शकले.

पण मार्कच्या गोष्टीतलं एक मला सुटत नाही. येशू त्या वेळी चालला होता याईराच्या घरी, त्याची बारा वर्षांची मुलगी मरायला टेकलेली. आमच्या हिशोबाने बघा, एकीकडे बारा वर्षांचं जुनं दुखणं, दुसरीकडे शेवटच्या घटका मोजणारं पोर. कुठलीही सिस्टर पोराकडे धावेल, मीसुद्धा. आणि हा मध्येच थांबून ऐकत बसतो, तेवढ्यात निरोप येतो की मुलगी गेली. पुढे तो तिला उठवतो ते खरं, उठवल्यावर हिला काहीतरी खायला द्या म्हणतो तेही मला फार आवडलं, पण मधल्या वेळात घरी थांबलेल्या त्या आईचं काय? बाप निदान वाटेत त्याच्यासोबत होता. ती पोरीजवळ बसून दाराकडे बघत असणार, आणि तिचं नावसुद्धा लिहिलेलं नाही.

मी हे आंटीला विचारलं. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली माझ्या मुली घरी तशाच बसल्यात, त्यांच्या बाजूने मी कधी वाचलं नाही. त्याच संध्याकाळी तिने नवऱ्याला बोटीवर फोन लावून सगळं सांगितलं. तुकड्याचा रिपोर्ट चांगला आला. ऑपरेशनसाठी पुढच्या महिन्यात ॲडमिट होईल तेव्हा त्या आईबद्दल तिला काय सुचलं ते मी विचारणार आहे, मला अजून काही सुचलेलं नाही.