गाडी लागू नये म्हणून लावायच्या पॅचच्या किमतीचा हिशेब

गाडी किंवा बोट लागू नये म्हणून डॉक्टरांनी स्कोपोलामिनचा पॅच लिहून दिला, की औषधाच्या दुकानात खोक्याची किंमत ऐकून अनेकजण थबकतात, कारण त्याच त्रासावरच्या मेक्लिझिन किंवा डायमेनहायड्रिनेटच्या गोळ्या त्यामानाने पुष्कळच स्वस्त असतात. मला स्वतःला बोट लागते, त्यामुळे हा हिशेब मी अनेकदा मांडला आहे आणि माझे ठाम मत असे झाले आहे, की नुसत्या खोक्याच्या किमतीवरून काहीच ठरवता येत नाही. एक पॅच आपल्या प्रवासातले किती तास उपयोगी पडणार आहे, हे पाहावे लागते.

एक पॅच ७२ तास चालतो. सात दिवसांच्या समुद्रप्रवासाला तीन पॅच पुरतात आणि एका पॅचची किंमत तीन दिवसांवर विभागली जाते. घाटातल्या तीन तासांच्या प्रवासासाठी मात्र किंमत अख्ख्या पॅचचीच मोजावी लागते, शिवाय तो निदान चार तास आधी लावावा लागतो. अशा प्रवासाला गोळी चालत असेल तर पॅचवर खर्च करण्यात मला अर्थ दिसत नाही.

पैसे कशाचे पडतात, हे पॅचची रचना पाहिल्यावर कळते. कानामागच्या केस नसलेल्या त्वचेवर बसणाऱ्या त्या लहानशा चकतीत औषधाचा साठा असतो आणि त्याखालचा सूक्ष्म छिद्रांचा पडदा त्यातले सुमारे १ मिलिग्रॅम औषध तीन दिवसांत हळूहळू त्वचेतून शरीरात सोडतो. अमेरिकेत १९७९ मध्ये मान्यता मिळालेला हा तिथला पहिला औषधी पॅच होता. पैसे वाचवण्यासाठी तो कापून अर्धा लावू नये, कारण औषध ठरावीक गतीने सुटावे म्हणून केलेली ही सगळी व्यवस्थाच त्याने बिघडते. वापरलेल्या पॅचमध्येही औषध उरते, म्हणून तो चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही असा टाकावा आणि हात साबणाने धुवावेत. औषध लागलेल्या हाताचे बोट डोळ्याला लागले तर बाहुली मोठी होऊन धूसर दिसू लागते.

अरुंद कोनाचा काचबिंदू असलेल्यांनी हा पॅच लावायचा नसतो, लहान मुलांना तो देत नाहीत आणि वृद्धांना त्याने गोंधळल्यासारखे होऊ शकते. म्हणून डॉक्टरांच्या तपासणीचा खर्च मी अनावश्यक मानत नाही, पण तो हिशेबात धरतो. चिठ्ठी घेतानाच जेनेरिक पॅच चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे, विमा असल्यास त्यात हे औषध बसते का, हे पाहावे आणि खोके फोडून हवे तेवढेच पॅच मिळतील का, याची दुकानात चौकशी करावी. पूर्ण खोकेच घ्यावे लागले आणि उरलेले पॅच मुदत संपण्याआधी वापरले जाणार नसतील, तर त्यांची किंमतही याच प्रवासाच्या खर्चात धरावी लागते.