आत काहीतरी वाजतंय

शेकर टेबलवरून, म्हणजे हादरवून बघायच्या यंत्रावरून, उपग्रह उतरवला, बाजूच्या फोमवर ठेवताना तो जरासा कलला आणि आतून आवाज आला. टिक्. पुन्हा कलवला, पुन्हा टिक्. आम्ही चौघं एकमेकांची तोंडं बघत उभे. तिकडे लॅबचा ऑपरेटर स्क्रीनवरून म्हणतोय, "ग्राफ एकदम मस्त आलेत हां तुमचे!"

आमचा उपग्रह म्हणजे क्यूबसॅट. १० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच. वजन सव्वा किलोच्या आसपास. विद्यार्थ्यांना झेपावं म्हणून हा आकार १९९९ मध्ये अमेरिकेत कॅल पॉली आणि स्टॅनफर्ड या विद्यापीठांच्या प्राध्यापकांनी ठरवला. मुंबईत विद्यार्थ्यांनी उपग्रह करणं तसं नवीन नाही. आयआयटी मुंबईच्या 'प्रथम'चं काम २००७ मध्ये सुरू झालं आणि तो २६ सप्टेंबर २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३५ रॉकेटवरून गेला. नऊ वर्षं! दुसऱ्या वर्षाला टीममध्ये आले तेव्हा हा आकडा ऐकून मी हसले होते. आता हसत नाही.

मला जोडणीचं काम मिळालं त्याचं कारण सांगण्यासारखं आहे. एका सीनियरच्या बहिणीच्या लग्नात मी मेंदी काढली होती. तो म्हणाला, "हिचा हात हलत नाही, हिला फ्लाइट मॉडेलला लावा." फ्लाइट मॉडेल म्हणजे प्रत्यक्ष वर जाणारा उपग्रह.

आमच्याकडे क्लीन रूम, म्हणजे धूळ नसलेली खोली, नव्हती. एका जुन्या प्रॅक्टिकल हॉलच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या पडद्यांचा तंबू आणि वर फिल्टर लावलेला पंखा, एवढंच. जुलैत मुंबईची हवा अशी की भिंतीला हात लावला तर ओला व्हावा. डीह्युमिडिफायरची टाकी रोज सकाळी बादलीत ओतायची. आणि गंमत अशी, की हवा कोरडी करायला जावं तर स्थिर वीज वाढते. माणसाला ठिणगीचा चटका जाणवायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात; चिप मात्र शंभर व्होल्टलाही मरू शकते, आणि मेली हे लगेच कळतही नाही. म्हणून आर्द्रता चाळीस ते साठ टक्क्यांत धरून ठेवायची आणि मनगटाला अर्थिंगचा पट्टा. तो पट्टा लावायला विसरलेल्याने सगळ्यांना वडापाव द्यायचा, असा नियम होता. पहिल्या महिन्यात मी बरेच वडापाव दिले.

जोडणी तिघांनी करायची. एक जण पायरी मोठ्याने वाचणार, दुसरा करणार, तिसरा लिहिणार. कुठला स्क्रू, किती टॉर्क (म्हणजे किती जोराने पिळला), किती वाजता, कोणी घट्ट केला. कनेक्टर किती वेळा काढला-घातला याचीसुद्धा नोंद, कारण प्रत्येक वेळी पिना झिजतात. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेला माल इंजिनिअरिंग मॉडेलला, म्हणजे जमिनीवरच राहणाऱ्या चाचणीच्या प्रतीला, चालायचा, फ्लाइटला नाही. सुरुवातीला हे सगळं मला सोवळ्याओवळ्यासारखं वाटायचं. वर्कशॉपमधल्या काकांना एकदा तसं बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, "सोवळं मोडलं तर देव माफ करतो. हे वर गेल्यावर स्क्रूड्रायव्हर घेऊन तू जाणारेस का?"

सगळ्यात जास्त भीती मला उलटसुलटची होती. उपग्रह वळवायला तारेच्या तीन कॉइल असतात. वीज सोडली की त्या चुंबक होतात आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी रेटा धरतात. एका कॉइलच्या दोन तारांची अदलाबदल झाली, की स्थिर व्हायच्या ऐवजी उपग्रह गरगरत राहणार. २००४ मध्ये नासाचं जेनेसिस यान सौरवाऱ्याचे कण गोळा करून परत आलं. पॅराशूटची वेळ ओळखणारे सेन्सर उलटे बसवले गेले होते, आणि यान थेट युटाच्या वाळवंटात आदळलं. हे वाचल्यापासून मी प्रत्येक कॉइलजवळ होकायंत्र धरून सुई कुठे वळते ते दोनदा बघायचे. कॉइल तिन्ही बरोबर निघाल्या. चूक भलतीकडेच होती.

कंपचाचणी नवी मुंबईतल्या एका लॅबमध्ये होती. उपग्रह नायट्रोजन भरलेल्या पेटीत, पेटी माझ्या मांडीवर, पेटीत धक्के मोजणारा लॉगर. गॅलिलिओ यानाची छत्रीसारखी मोठी अँटेना १९९१ मध्ये अंतराळात पूर्ण उघडली नव्हती. कॅलिफोर्निया ते फ्लोरिडा ट्रकच्या खेपांमध्ये तिच्या काड्यांवरचं वंगण घासून गेलं असावं, असा तपासाचा निष्कर्ष होता. ही गोष्ट ड्रायव्हरदादांना सांगितली. त्यांनी ऐरोलीच्या पुलावर अशी काही गाडी चालवली, की मागून शिव्या पडत होत्या. लॉगरमध्ये सगळ्यात मोठा धक्का निघाला आमच्याच कॉलेजच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरचा.

चाचणी म्हणजे २० ते २००० हर्ट्झचा खडखडाट, एकेका दिशेने, तिन्ही अक्षांवर. त्याआधी आणि नंतर हलका स्वीप (हळूहळू वाढत जाणारी सौम्य कंपनं) घेऊन दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवायचे. शिखरं सरकली असतील तर आत काहीतरी ढिलं झालं किंवा तुटलं. आमची सरकली नव्हती. म्हणजे कागदावर आम्ही पास. आणि आत टिक्.

त्या रात्री वाद झाला तो अजून आठवतो. एक बाजू म्हणाली, अँटेना वाजत असेल. आमची अँटेना म्हणजे चक्क सुताराच्या मेजरिंग टेपची स्टीलची पट्टी, दुमडून तंगुसाने बांधलेली. कक्षेत सोडल्यावर अर्धा तास गप्प राहायचं, मग एक रेझिस्टर तापतो, तंगूस वितळतो, पट्टी सटकन सरळ होते. बांधलेली पट्टी थोडी वाजणारच, असं त्यांचं म्हणणं. शिवाय उघडायचं म्हणजे ज्या जोडणीने चाचणी दिली ती जोडणीच मोडायची. पुन्हा बंद केलेला डबा हा नवा, न तपासलेला डबा. पुन्हा लॅबची तारीख, पुन्हा फी, आणि उपग्रह प्रक्षेपणासाठी सुपूर्द करायला उरलेले तीन आठवडे.

सरांनी निर्णय आमच्यावर सोडला. तेव्हा त्यांचा राग आला होता. काका एवढंच म्हणाले, "इथे तो तुकडा तळाला पडून राहील. वर तळ कुठे असतो?"

आधी आवाज कुठून येतोय ते शोधायचं ठरलं. माझी मामेबहीण परळला मेडिकलला आहे, तिचा स्टेथोस्कोप आणला. डबा सहा बाजूंनी हळूहळू कलवायचा आणि पॅनेलवर कान. तिला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "पेशंट पोटात काय घेऊन बसलाय?" अँटेना नव्हतीच. आवाज बॅटरीच्या बोर्डाजवळून येत होता. बॅटरीच्या बोर्डावर सुट्टा धातू फिरतोय म्हटल्यावर वादच संपला.

उघडताना पुन्हा तेच: वाच, कर, लिही. तिसरा थर निघाला आणि टॉर्चच्या उजेडात चमकलं. जेमतेम चार मिलिमीटरची, कथिलाचा मुलामा असलेली तार. रेझिस्टरचा कापलेला पाय.

तो मी कापला होता. बघताक्षणी कळलं. तंगूस जाळणारा रेझिस्टर हवा तेवढा तापत नाही म्हणून महिन्यापूर्वी एका गुरुवारी रात्री बदलला होता. डोंबिवलीची शेवटची गाडी चुकेल म्हणून घाई होती, वाचणारा घरी गेलेला, लिहिणारा घरी गेलेला. पाय कापताना दुसऱ्या बोटाने धरायचा असतो, नाहीतर तो उडतो. उडाला असणार. लॉगबुकात माझ्याच अक्षरात एक ओळ होती, 'रेझिस्टर बदलला'. शेजारी साक्षीची सही नाही.

मी सांगितलं. कोणी काही बोललं नाही, तेच जड गेलं. टीमलीडने चिमट्याने तो तुकडा उचलला, लॉगबुकात त्याच ओळीखाली कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने) चिकटवला आणि तारीख घातली. मग वहीची सगळी पानं चाळून बिनसाक्षीच्या आणखी दोन नोंदी सापडल्या, त्याही उघडून तपासल्या. त्यात काही निघालं नाही.

दुसरी कंपचाचणी झाली. डबा गप्प. थर्मोवॅकबद्दल, म्हणजे निर्वातातल्या गरम-थंड चाचणीबद्दल, लोक फार विचारतात, पण खरं सांगायचं तर ती झोपेची परीक्षा आहे. हवेच्या दाबाचा साधारण दहा कोटीवा भाग उरेपर्यंत पंप चालतो, मग तासन् तास थंड, तासन् तास गरम. कक्षेत दर दीड तासात ऊन आणि सावली बदलते, त्याची ही तालीम. टेबलावर निवांत चालणारा ट्रान्समीटर निर्वातात फार तापला, कारण उष्णता न्यायला हवाच नाही. सलग बोलण्याची वेळ कमी करून प्रश्न सुटला. त्या रात्री आईने दिलेल्या थालीपिठांवर चौघं जगलो.

सुपूर्द करायच्या दिवशी फाइल केवढी जाड झाली होती. तिथल्या वयस्कर इंजिनिअर साहेबांनी ती घेतली, उघडली नाही, बाजूला ठेवली. हातमोजे चढवले. डबा दोन्ही हातांनी उचलून कानाजवळ नेला आणि हळूच एकीकडे कलवला, मग दुसरीकडे.

"हं," म्हणाले, आणि वजनकाट्यावर ठेवला.