सतरा नंबरचा फॉर्म

आधीच सांगते, माझी काही मोठी स्टोरी वगैरे नाहीये. विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते, घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-बिडिंग करते, वय 45. आणि मागच्या वर्षी बारावीला बसले.

म्हणजे झालं असं की शेजारची मुलगी, तिने अकरावी मधेच सोडलेली, तिला बाहेरून बारावी द्यायची होती आणि सायबरवाल्याकडे एकटीला जायला कंटाळा म्हणून मला घेऊन गेली. तिथला पोरगा स्क्रीनवरून मान वर न करता म्हणाला, काकू दोघींचा भरायचाय का? मी हसले. ती पण हसली. घरी आले, भांडी घासली, मशीनवर बसले आणि संध्याकाळपर्यंत तेच डोक्यात. दोघींचा भरायचाय का.

मी 1995 ला दहावी झाले. अकरावीला अ‍ॅडमिशन पण घेतलेलं, परळला. मग बाबांचं आजारपण, मग स्थळ आलं, मग राहिलंच. कोणी जबरदस्ती केली असं नाही, उगाच खोटं कशाला बोलू, मी स्वतःच सोडलं आणि तेव्हा सुटल्यासारखं वाटलेलं. माझं माहेर वरळीच्या बीडीडी चाळीतलं, 160 स्क्वेअर फुटाची खोली आणि त्यात आम्ही सात जणं. भाऊ रात्री अभ्यास गल्लीत जायचा, पोद्दार हॉस्पिटलच्या जवळ ती गल्ली आहे ना, रस्त्याच्या दिव्याखाली पोरं पुस्तकं घेऊन बसलेली असायची. मी त्याला दहाच्या सुमारास चहा नेऊन द्यायचे, थर्मास ठेवायचा आणि परत यायचं. तिथे आपणही बसावं असं मला कधी सुचलंच नाही. सुचलं असतं तरी पाठवलं नसतं म्हणा.

तर फॉर्म. ज्यांना भरायचाय त्यांच्यासाठी सांगते, सतरा नंबर म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षा द्यायची, रोज कॉलेज नाही, पण बोर्ड तुम्हाला एक कॉलेज जोडून देतं आणि कागद, तोंडी परीक्षा, प्रोजेक्ट सगळं तिथेच. फॉर्म ऑनलाइन आहे, तो अर्ध्या तासात होतो, खरा वैताग दाखल्याचा. माझा ओरिजिनल शाळा सोडल्याचा दाखला त्या परळच्या कॉलेजातच पडलेला, मी कधी मागायलाच गेले नव्हते. तिथे तीन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा क्लार्क सुट्टीवर, दुसऱ्यांदा जुनी रजिस्टरं वरच्या माळ्यावर आणि शिपाई नाही, तिसऱ्यांदा त्या मॅडमनी स्वतः धूळ झटकून जनरल रजिस्टर काढलं आणि माझं नाव सापडलं. निळ्या शाईत, माहेरचं नाव, पुढे कुमारी.

आता आधार कार्डावर सासरचं नाव. म्हणून मग लग्नाचा दाखला, अ‍ॅफिडेव्हिट, झेरॉक्सचा गठ्ठा. मला वाटलं सगळं नवीन नावावर करून देतील, पण नाही, दहावीच्या रेकॉर्डला जे नाव तेच पुढे चालतं. म्हणजे 27 वर्षं ज्या नावाने मला कोणी हाक मारली नाही त्या नावाने हॉल तिकीट आलं. तोंडी परीक्षेला बाहेर बसलेलो तर आतून नाव पुकारलं, दोनदा पुकारलं, मी आपली इकडेतिकडे बघतेय की कोण ही गैरहजर. बाजूचा पोरगा म्हणाला, काकू, तुमचंच ना ते?

अभ्यासाचं सगळ्यांना वाटतं की वय झालं, लक्षात राहत नाही. तसं काही नाही हो, राहतं. मला चाळीस बायकांची मापं पाठ आहेत, इतिहासाच्या सनावळ्या काय मग. अवघड होतं ते वेगळंच. अवघड होतं दोन तास मागणं. कोणी नाही म्हणत नव्हतं, पण आमच्याकडे मी बसलेली दिसले की प्रत्येकाला काहीतरी आठवतंच, टॉवेल कुठंय, सासूबाईंची बीपीची गोळी, ह्यांचा चष्मा. आणि खरी गंमत म्हणजे मीच उठायचे. हाक यायच्या आधी उठायचे, सवयच तशी. कुकरची शिट्टी मोजायला दुसरं कोणी आहे घरात हे मान्य करायला मलाच दोन महिने लागले. त्यात लेक म्हणाला, आई तू दरवाजा लावून बस ना. वन रूम किचनमध्ये कुठला दरवाजा, बाळा.

शेवटी खालच्या अभ्यासिकेत जायला लागले, संध्याकाळी सात ते नऊ. तिथे सगळी एमपीएससीची मुलं. पहिला आठवडा अशी लाज वाटायची की पुस्तकाला ब्लाऊजच्या कापडाचं कव्हर घातलेलं. मग सवय झाली, एका मुलाने माझं अर्थशास्त्र घेतलं समजावून आणि मी त्याच्या दोन पँटी अल्टर करून दिल्या. आणि दादरला अस्तर-हुकं आणायला जायचे तेव्हा स्लो लोकलमध्ये वाचायचं, सीट मिळाली तर.

अर्थशास्त्र मला भलतंच आवडलं. मागणीची लवचिकता म्हणून धडा आहे. मिठाचा भाव वाढला तरी आपण मीठ तेवढंच घेतो, म्हणजे मिठाची मागणी अलवचिक. मी वाचलं आणि मोठ्याने हसले, म्हटलं ही तर मीच. काहीही होऊ दे, रोज तेवढीच लागते आणि भाव कोणी विचारत नाही.

त्या दिवशी घरी येऊन ह्यांना सांगितलं, उद्यापासून संध्याकाळचं तुम्ही बघायचं. भांडण झालं. मोठं नाही, पण झालं. ते म्हणाले, या वयात काय कलेक्टर होणारेस का. मी म्हटलं, नाही, पण पोहे तुम्ही करणार. तीन दिवस बोलत नव्हते, चौथ्या दिवशी फोनवर व्हिडिओ लावून पोहे केले, पार गिचका. सासूबाईंनी न बोलता खाल्ले, त्यांचं मला फार नवल वाटलं.

नुकसान पण झालं, ते लपवत नाही. ऐन लगीनसराईत परीक्षा. फेब्रुवारीच्या ऑर्डरी सोडाव्या लागल्या, दोन जुनी गिऱ्हाइकं गेली ती गेलीच. एकीने तर तोंडावर सांगितलं की आता तू मोठी झालीस बाई. ते लागलं मला.

11 फेब्रुवारी 2025, पहिलाच पेपर इंग्रजी. अकरा ते दोन दहा. पाचवीपासून माझं इंग्रजीशी वाकडं, आणि युवकभारती या पुस्तकातल्या कविता वाचताना मला शब्द कळायचे पण कविता नाही कळायची. हात घामाने ओले, पेन घसरतंय, सुपरवायझर माझ्याहून लहान मुलगी, तिने येऊन पाण्याची बाटली जवळ सरकवली. पेपर पूर्ण लिहिला. 5 मेला निकाल, लेकाने मोबाईलवर बघितला आणि गप्प झाला. बाकी सगळे विषय सुटले, अर्थशास्त्रात 74, इंग्रजीत 27. पासला 35 लागतात.

त्या रात्री मी खूप रडले आणि दुसऱ्या दिवशी तीन ब्लाऊज पूर्ण करून दिले. खरं सांगू का, मला नापास होण्याचं एवढं नाही वाटलं, मला भीती वाटली की आता सगळं पुन्हा होतं तसं होईल. मी पुन्हा कुकरजवळ उभी. पण सात वाजले तर हे म्हणाले, जा की, पुरवणी परीक्षा जूनमध्येच आहे ना. चिडून म्हणाले का कौतुकाने हे मला अजून कळलेलं नाही.

जूनला बसले. इंग्रजीत 41.

ऑगस्टमध्ये वरळीला बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात पहिल्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, भावाचा नंबर अजून लागायचाय. त्याला भेटायला गेले तेव्हा मार्कशीट पर्समध्येच होती. परत येताना मुद्दाम अभ्यास गल्लीतून आले. आता तिथे मुली पण बसतात. एका बाकावर पाच मिनिटं बसले, काही वाचलं वगैरे नाही, गुडघा दुखत होता.

आता मुक्त विद्यापीठाच्या बीएचा फॉर्म भरलाय. मशीनवर पाटी लावलीये, संध्याकाळी सातनंतर ट्रायल नाही. पोहे अजून हेच करतात, मीठ कायम कमी असतं. मी काही बोलत नाही, बरणी पुढे सरकवते.