चोकवाली आणि बिनचोकची

बाबांची मारुती ८०० यंदा तीस वर्षांची झाली. १९९६ची, एमएच-११, कागदोपत्री पांढरी, प्रत्यक्षात सायीच्या रंगाची. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, चार गिअर आणि हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर. रविवारी सकाळी साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर चहाला आम्ही गाडीवेडे पाच-सहाजण जमतो, तिथे तिचा मान मोठा. बॉनेट उघडलं की कुणीतरी म्हणणारच, "हे खरं इंजिन! एक स्क्रू ड्रायव्हर घेतला की काम झालं. आता सगळं कॉम्प्युटरच्या हातात."

असं म्हणणाऱ्यांपैकी एकाचीही रोजची गाडी कार्बोरेटरची नाही. माझी बारा वर्षं होती.

साताऱ्यात डिसेंबरातल्या सकाळी गार इंजिनात पेट्रोलची वाफ धड होत नाही. म्हणून चोक ओढायचा, म्हणजे हवा कोंडून पेट्रोल जास्त पाजायचं. किती ओढायचा आणि कधी आत ढकलायचा, हे अंगवळणी पडावं लागतं. लवकर ढकलला तर गाडी वळणावर मान टाकते. विसरलात तर पेट्रोलचा वास घेत बँकेत पोचायचं. मी दोन्ही केलंय.

पण डोळे उघडले ते केळघर घाटात. मेढ्यावरून महाबळेश्वरला निघालो होतो, आई-बाबा मागे. घाट चढेल तशी गाडी जड व्हायला लागली. दुसऱ्या गिअरमध्येही दम लागत होता आणि नाकात कच्च्या पेट्रोलचा वास. परत आल्यावर मिस्त्रींनी तिन्ही प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवले. काजळी अशी की बोटं काळी झाली. "ताई, वर हवा पातळ. जेटचं भोक तेवढंच. तिला काय माहीत आपण महाबळेश्वरला आलोय?"

मला अख्खा कार्बोरेटर त्या वाक्यात कळला. महाबळेश्वर जवळजवळ साडेतेराशे मीटरवर. वर हवा विरळ होते, पण जेटमधून, म्हणजे कार्बोरेटरातल्या पेट्रोलच्या बारीक भोकातून, पेट्रोल जवळपास तेवढंच येत राहतं. एमपीएफआय गाडीत, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत, सेन्सर हवेचा दाब पाहतो आणि इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो. नाक्यावरची मंडळी ज्याला कॉम्प्युटरची गुलामी म्हणतात, ती ही एवढीच.

मग मी २००४ची एमपीएफआय ८०० घेतली, सेकंडहँड. मालकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं की मी येईपर्यंत चावी लावायची नाही, इंजिन मला गारच बघायचंय. मॅट उचलून पत्रा बघितला, कारण या गाड्या तिथूनच कुजतात. चावी फिरवल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी सुरू झाली की विझतो, तेही पाहिलं. दिवा मुळी लागलाच नाही, तर आनंद मानू नका. कुणीतरी बल्ब काढून ठेवलेला असू शकतो. मी आधी बघितलेल्या एका गाडीत तसंच होतं.

ही २००४ची गाडी घेऊन त्याच घाटात गेले. आवाज तोच, तीन सिलिंडरचा थोडा थरथरता. दम मात्र लागला नाही.

तरीही मी नव्याची भक्त नाही. या २००४च्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरला वायर आहे. पाय दाबला की थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारा पडदा, उघडतो, मधे कुणाला विचारावं लागत नाही. काचा हँडलने खालीवर होतात. एका मित्राच्या नव्या गाडीचा स्क्रीन ऐन मे महिन्यात काळा पडला आणि एसी कमी-जास्त करायचं बटणच उरलं नाही, कारण बटण त्या स्क्रीनमध्येच. माझ्या मते जुनी गाडी घ्यायची तर या मधल्या पिढीतली घ्यावी. पेट्रोल कॉम्प्युटरने मोजावं, बाकी सगळं हाताला लागावं. नाक्यावर हे पटत नाही. "ना इकडची ना तिकडची" असं तिला म्हणतात.

कार्बोरेटरचं एक मात्र मीही विसरू शकत नाही. मिस्त्री डोळे मिटून आयडलिंगचा, म्हणजे गाडी उभी असतानाच्या इंजिनच्या गतीचा, स्क्रू फिरवायचे. अर्धा आटा उलटा, थांब, पाव आटा सुलटा. इंजिनची थरथर हळूहळू बसायची आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीचं डोकं हलायचं थांबलं की ते हात पुसायला घ्यायचे. आता त्यांचा मुलगा स्कॅनर लावतो. तोही चुकत नाही, पण बघत उभं राहावं असं त्यात काही नाही.

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल यायला लागल्यापासून बाबांच्या म्हातारीचं दुखणं वाढलंय. इथेनॉलबरोबर ऑक्सिजन येतो, मिश्रण पातळ होतं, आणि जेटचं भोक पुन्हा तेवढंच. जुन्या रबरालाही ते सोसत नाही. गेल्या पावसाळ्यात पेट्रोलचा पाइप फुगून घामेजला होता. वेळेवर दिसला म्हणून बरं, बदलून टाकला.

यंदा तिचं पासिंग आहे. २०२१मध्ये सहाशे रुपयांत नूतनीकरण झालं होतं. ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार, पर्यावरण कर वेगळा. बाबांना आकडा सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चोकची वायर अडकतेय. पासिंगच्या आधी तेवढी बदलून घे."